फाट्यापर्यंतची सोबत

संघप्रियानं वर्गाचं दार लोटलं तेव्हा बोरकुटे सरांनी फळ्यावर दुसरं समीकरण मांडलं होतं. तिची सलवार दवानं गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि श्वास अजून जागेवर आला नव्हता.

"सर, येऊ का आत?"

सरांनी हातातला खडू तसाच दाराशेजारच्या कागदाकडे रोखला. बीजगणिताच्या वर्गाचे नियम. देवळालाही इतके नसतात. सर आत आले की दार बंद. मोबाइल दिसला की जप्त. ज्याचं उदाहरण सुटलं त्यानं पुढचं घ्यायचं, मागच्यासाठी थांबायचं नाही. आणि सगळ्यांच्या खाली लाल शाईत, उशिराच्या तीन फुल्या झाल्या की अंतर्गत परीक्षेला बसता येणार नाही.

संघप्रियाच्या दोन झाल्या होत्या. अंतर्गत परीक्षा गेली म्हणजे विषय गेला, आणि एक विषय जरी राहिला तरी कॉलेज बंद, असं बाबांनी ॲडमिशनच्याच दिवशी बजावलं होतं.

"काऊन उशीर झाला?" सरांनी विचारलं.

"वाट पाहून राह्यली होती सर."

"कोणाची? बसची?"

ती उत्तर देणार होती. तेवढ्यात दुसऱ्या बाकावर तिला दिव्यानी दिसली. कोरडी, नीट वेणी घातलेली, वहीत मान घातलेली.

गावाच्या टोकाला बोअरिंगजवळ दोघी रोज पहाटे भेटत आणि सागाच्या जंगलातून फाट्यावर बस धरायला जात. मागल्या महिन्यात वाघानं गावातल्या भैयाजींचा बैल नेल्यापासून त्या रस्त्यानं कोणी एकटं जात नसे. हा नियम कुठे लिहून चिकटवलेला नव्हता. आज दिव्यानी आलीच नाही. फोन बंद. घरची माणसं खळ्यावर धानाची राखण करायला गेलेली, दाराला कुलूप. ही वेडी एकटीच पुढे निघाली की काय, या धास्तीनं संघप्रिया अंधारात त्या रस्त्यानं एकटी आली. दोन्ही बाजूंच्या झुडपांत बघत, हाका मारत. बस निघून गेली होती. काळीपिवळी जीप मिळेपर्यंत उजाडलं.

"दिव्यानी," सर म्हणाले, "गाव एकच ना तुमचं? तू कशी वेळेवर आली?"

"दादानं गाडीवर सोडलं सर."

"मग ही?"

दिव्यानीनं वर पाहिलं नाही. "माहीत नाई सर. ते रोजच लेट करते."

आधीच्या दोन्ही फुल्या दोघींना एकदमच पडल्या होत्या, आणि दोन्ही वेळा दिव्यानीची वेणी होता होईना म्हणून. संघप्रियानं हे सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण जिला झुडपांत शोधलं तिच्याविरुद्ध साक्ष कशी द्यायची, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"बघा रे, एका गावच्या दोघी," सर वर्गाला म्हणाले. "ज्याला यायचं असते तो येतेच." पोरं हसली. सरांनी हजेरीत तिसरी फुली मारली आणि तिला बाहेरच ठेवून दार लावून घेतलं.

संध्याकाळी दोघी एकाच बसमधून फाट्यावर उतरल्या. तिसरं कोणी उतरलं नाही. दिव्यानीचा भाऊ हेमराज मोहर्लीला जंगल सफारीच्या जिप्सीवर ड्रायव्हर होता, अंधार पडल्याशिवाय सुटणार नव्हता. सागामागं ऊन उतरत चाललं होतं.

"रागावली का वं?" दिव्यानीनं विचारलं.

"सांगितलं काऊन नाई?"

"गाडीवर मांगं एकच जागा होती. सांगितलं असतं तं तू थांब म्हटली असती. मंग मी थांबली असती." दिव्यानी ओढणीचं टोक पिळत होती. "माह्याही दोन झाल्या होत्या न वं."

"अन् सरांले काय सांगितलं?"

संघप्रिया चालू लागली, झपाझप, एकटी. बरीच पुढे गेली. आज हिलाही कळू दे, असं तिला अगदी मनापासून वाटलं. पण मागची पावलं ऐकू येईनाशी झाली तशी ती थांबली. दिव्यानी जवळ येईपर्यंत उभी राहिली, आणि आपण उभ्या राहिलो याचाच तिला जास्त संताप आला.

त्या रस्त्यानं मुकाट्यानं चालत नाहीत. मोठ्यानं बोलत जायचं, म्हणजे जनावर माणसाचा आवाज ऐकून बाजूला होतं. दोघी रोज सूत्रं ओरडत जायच्या, बोरकुटे सरांच्या आवाजात. आज नुसता पाचोळा वाजत होता.

"बोल न वं कायतरी," दिव्यानी म्हणाली. "मले भेव लागून राह्यलं."

संघप्रियानं बॅगेतून जेवणाचा स्टीलचा डबा काढला, चमचा काढला, आणि झाकण बडवायला लागली. दिव्यानीला वाटलं, थोड्या वेळानं हिचा हात दुखेल, मग ही बोलेल. ती अगदी खेटून चालत होती. मध्ये एकदा तिनं संघप्रियाचा दंड धरला. संघप्रियानं तो सोडवून घेतला नाही, डबा दुसऱ्या हातात घेतला एवढंच.

जंगल संपलं. बोअरिंग मागं पडलं. घरांतले दिवे दिसायला लागले.

"उद्या पाचले येशील न?" दिव्यानीनं विचारलं. मग आणखी एकदा, मोठ्यानं विचारलं.

डब्याचा आवाज ऐकून भैयाजी ओसरीवरून खाली उतरले. त्यांनी आधी दोघींच्या मागचा रस्ता न्याहाळला, मग संघप्रियाकडे पाहिलं.

"गाव आलं न पोरी," ते म्हणाले. "आता काऊन वाजवून राह्यली?"

संघप्रिया त्यांच्यासमोरून घराकडे वळली. चमचा वाकडा झाला होता, तरी तिचा हात थांबला नाही.