अयुथ्यातली जांभळी शरयू

थायलंडमधल्या अयुथ्याच्या पडक्या मंदिरांत शिरताना सगळ्यांनी जुना काळ दाखवणाऱ्या चष्म्यात राजांचा सोनेरी काळ लावला. शरयूताईंनी मात्र १९९८ साल लावलं.

"आई, तेव्हाही हे पडकंच होतं ना?" सून केतकीने विचारलं.

"पडकंच. पण तुझे सासरे होते."

जुन्या चित्रांवरून आणि लोकांनी काढलेल्या फोटोंवरून चष्मा गेलेला काळ उभा करी. झाडाच्या मुळांत गुरफटलेल्या बुद्धमस्तकाशेजारी नवी नवरी शरयू बसलेली दिसली, जांभळ्या पंजाबी ड्रेसमध्ये. मनोहरराव मात्र कुठेच दिसेनात.

"फोटो बाबांनीच काढले ना, मग ते कसे दिसणार?" केतकी हळूच म्हणाली.

शरयूताईंचा चेहरा उतरला. एवढ्यासाठी त्या इतक्या लांब आल्या होत्या. मग त्यांना आठवलं, फोटो काढताना बुद्धापेक्षा डोकं उंच ठेवायचं नाही म्हणून रखवालदाराने ह्यांना कडक इस्त्रीच्या पँटसकट मातीत बसवलं होतं.

गुडघे कुरकुरत असतानाही त्या तिथेच, मातीत बसल्या. समोरची शरयू थेट त्यांच्याकडे बघून लाजत हसत होती.

"आई, उठवू का?"

"थांब गं," त्या म्हणाल्या. "ह्यांना मी अशी दिसत होते तर."