विरोधी बाजूखालची सही

तिने निबंधाची वही बाबांच्या हातात दिली.

बाबा शिवणयंत्रावरून उठले नव्हते. गळ्यात टेप, सुईखाली अर्धी शिवलेली बाही. दुकानात दुसरं कोणीच नव्हतं. एखादं गिऱ्हाईक असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. गिऱ्हाइकासमोर बाबा आवाज चढवत नसत.

दोष सगळा बाईंचा. त्यांनी वर्गात वादनिबंधाचे भाग समजावून दिले होते. आधी आपलं म्हणणं, मग कारणं, कारणांना पुरावे, मग विरोधी बाजू, तिचं खंडन आणि शेवटी निष्कर्ष. इथवर ठीक होतं. पण विरोधी बाजू मनाने रचायची नाही, असा बाईंचा नियम होता. ती ज्याची असेल त्याला वाचायला द्यायची आणि 'हो, हे माझंच म्हणणं' म्हणून त्याची खाली सही आणायची. सही नसेल तर बाई निबंधाला हातही लावत नसत. बाकीच्या मुली हुशार. कोणी मोबाइलवर लिहिलं, कोणी गणवेशावर. हिने लिहिलं, 'मला बाहेरगावी शिकायला पाठवावं.'

तिथल्या प्रवेशाच्या अर्जाची मुदत उद्या संपत होती. बाबांनी महिन्यापूर्वीच नाही म्हटलं होतं, आणि बाबांचं नाही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुन्हा तोंडाने विचारायची तिची छाती नव्हती. म्हणून ही वही.

बाबा सावकाश वाचत होते. तिचं म्हणणं वाचलं. कारणं वाचली. परीक्षेतले गुण, वसतिगृहाचे नियम, सगळे पुरावे वाचले. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग त्यांचं बोट विरोधी बाजूवर येऊन थांबलं.

तिथे तिने बाबांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. 'माझी धाकटी बहीण अशीच शिकायला गेली. गेली ती गेलीच. वीस वर्षांत तिने मागे वळून पाहिलं नाही. शिकलेली मुलगी घराची राहत नाही.'

त्याखाली 'खंडन' एवढा एकच शब्द होता. पुढची जागा कोरी. दोन दिवस तिने डोकं खाजवलं, पण आत्याचं काय खोडून काढणार? तिने तर आत्याला कधी पाहिलंही नव्हतं.

"हे मी असं म्हणतो?" बाबांनी विचारलं.

"हो. शब्द तुमचेच आहेत." ती म्हणाली.

बाबांनी कात्री उचलली. वहीचे आता तुकडे होणार, म्हणून तिने डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा कात्री बाजूला पडली होती आणि बाबा कात्रीखालचं पेन हातात घेऊन बसले होते. त्यांनी सही केली. पूर्ण नाव, ठसठशीत. तिचा धीरच सुटला. आता विरोधी बाजू पक्की झाली होती आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं.

पण पेन थांबलं नाही. बाबा खाली, तिच्या कोऱ्या जागेत काहीतरी लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी वही तिच्याकडे न बघताच पुढे केली आणि बाही सुईखाली सरळ केली. यंत्र मात्र चाललं नाही.

'खंडन'पुढे बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'ती दोनदा परत आली होती. मीच दार उघडलं नाही.'