मेलबॉक्सपर्यंत

"मेलबॉक्सपर्यंत गेलं तर खोकं परत. मध्येच बंद पडलं तर बाबा, हे उद्या कचऱ्यात. डील?" देवनं विचारलं.

"डील!" श्रीरंग म्हणाला आणि त्यानं बर्फ उडवायच्या यंत्राची, म्हणजे स्नोब्लोअरची दोरी ओढली.

यंत्र खोकलं, शिंकलं आणि धडधडायला लागलं. पार्सिपनी गावातली आजूबाजूची मंडळी फावडी घेऊन वाकली होती. त्यांच्यासमोरून श्रीरंग ड्राइव्हवेवरून रस्त्याकडेच्या मेलबॉक्सच्या दिशेनं असा निघाला, की वरातीत नवरदेवाचा मामासुद्धा एवढ्या ऐटीत चालत नसेल.

खोक्यात नवा स्नोब्लोअर होता. बॅटरीवर चालणारा, बटण दाबलं की सुरू. देवनं जर्सी सिटीहून येताना आईबाबांसाठी आणला होता. पोर्चवर ठेवलेल्या त्या खोक्याकडे श्रीरंगनं कालपासून धड पाहिलंही नव्हतं. रिटायर झाल्यावर त्याच्यावाचून अडेल अशी घरात एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे हा रंग उडालेला म्हातारा स्नोब्लोअर. आठवडाभर त्यानं गॅरेजमध्ये कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, पट्टा बदलला. पेट्रोलचा वास पार जेवणाच्या ताटापर्यंत पोचला होता.

ड्राइव्हवेच्या मध्यावर यंत्रानं मान टाकली.

"पेट्रोल बघतो," म्हणत श्रीरंगनं टाकीचं टोपण फिरवलं. सूंऽऽ असा लांबलचक आवाज आला. टाकी भरलेली होती. त्यानं टोपण लावलं, दोरी ओढली आणि काय आश्चर्य, यंत्र पुन्हा सुरू!

"बघितलंस?" तो ओरडला. पण थोडं पुढे जाऊन ते पुन्हा गप्प झालं.

"बाबा, इट्स डेड यार," देव पोर्चवरून म्हणाला.

"डेड नाहीये ते! दमलंय."

सुलेखा चहाचा कप घेऊन खाली उतरली. ती उघड उघड खोक्याच्या बाजूची होती. दोरी ओढून ओढून नवऱ्याचा खांदा धरायचा आणि बाम चोळायची पाळी तिच्यावर यायची.

"अहो, पुरे आता. चहा घ्या."

"हे धर जरा," श्रीरंगनं चहा न घेता टोपणच तिच्या हातात दिलं आणि तो टॉर्च लावून टाकीत डोकावला.

सुलेखानं टोपणाकडे पाहिलं. वर मधोमध हळदकुंकवाचा जाड थर होता, पेट्रोल पिऊन दगड झालेला. त्यात तांदळाचा एक दाणाही रुतून बसला होता. दसऱ्याला तिनं गॅरेजमधल्या एकूण एक वस्तूची पूजा केली होती. गाडीची, ट्रेडमिलची, पाण्याच्या हीटरचीसुद्धा. स्नोब्लोअरचा माथा तो हाच, असं समजून तिनं टोपणावर कुंकू चांगलं अंगठ्यानं दाबून लावलं होतं.

"अहो, या टोपणाला भोक असतं का हो?" तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"असतं ना. बारीकसं. त्यातून टाकीत हवा जाते. हवा गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही, इंजिन गुदमरतं आणि बंद पडतं." टाकीत डोकं घालूनच तो बोलत होता. "पण तो प्रॉब्लेम नाहीये. हे कार्बोरेटरचंच काहीतरी आहे. तुला नाही कळायचं."

सुलेखानं टोपणावरच्या कुंकवावरून अंगठा फिरवला. नुसतं गप्प राहिलं तरी काम होणार होतं. टोपण परत द्यायचं, चहा पाजायचा आणि नवऱ्याला घरात न्यायचं. उद्यापासून ना दोरी, ना बाम.

श्रीरंगनं डोकं वर काढलं. नाक लाल, गालावर काळा ओरखडा, कानटोपी तिरकी. यंत्र बंद पडलं होतं, तरी डोळे लखलखत होते. ऑफिस सुटल्यापासून इतका खूश तो तिला दिसलाच नव्हता.

"आई, यू टेल हिम ना!" देव ओरडला.

"सांगते," ती म्हणाली. त्याच्याकडे पाठ करून तिनं कप बर्फात टेकवला, हातमोजा काढला आणि बांगडीतली सेफ्टी पिन सोडवली. थरात पिन खुपसून फिरवली. कुंकवाचा खडा निघाला, पाठोपाठ तांदळाचा दाणा. तिनं फुंकर मारली आणि टोपण उजेडात धरून पाहिलं. टाचणीएवढं आभाळ पलीकडे दिसत होतं.

"घ्या. आता ओढा."

श्रीरंगनं टोपण लावून दोरी ओढली. यंत्र पहिल्याच हिसक्याला उठलं. मध्य गेला. मघाशी थांबलेली जागा गेली. देव पोर्चवरून उतरून नुसत्या चपलांनी मागे धावायला लागला. "गो बाबा, गो!" ड्राइव्हवेच्या तोंडाशी टाउनच्या रस्ता साफ करणाऱ्या प्लाऊनं बर्फाचा घट्ट बांध घालून ठेवला होता. यंत्र त्याला भिडलं, गुरगुरलं, आवाज खाली गेला. मग बांध फुटला, पांढरा फवारा उंच उडाला आणि श्रीरंगनं मेलबॉक्सवर अशी थाप मारली, की त्याचं झाकणच उघडलं.

परतीच्या फेरीत आनंदाच्या भरात यंत्राचं बर्फ फेकणारं तोंड वळवायचं तो विसरला. पोर्चवरचं खोकं बर्फाखाली गेलं.

"शेवटी कार्बोरेटरच!" धडधडतं यंत्र तिच्यापुढे उभं करून तो ओरडला. "मी म्हणत नव्हतो?"

"म्हणत होतात हो," सुलेखा म्हणाली.

तिच्या बोटाला अजून थोडं कुंकू होतं. तिनं यंत्र वरून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि जिथे एकही भोक नव्हतं, अशा हँडलच्या मधोमध ते लावलं.