मागचा केर

मुलांची गाडी वळणाआड गेली आणि प्रमिलाबाईंनी दार लोटलं. आठवडाभर बासुंदी-पुऱ्या, हसणं-खिदळणं, खोल्याखोल्यांतून दिवे. आता घरात दोघंच. त्यांनी मऊ भात टाकला. वर मेतकूट आणि थेंबभर तूप.

"हे खरं जेवण!" यजमान मिटक्या मारत म्हणाले. "केर काढून घे की. नातवाचा चिवडा पायाखाली कचकचतोय."

"माणसं आत्ता कुठे निघालीत. पोचल्याचा फोन येऊ द्या. पाठोपाठ केर काढायला घरातून मयत का उचललीय?"

शब्द निसटला आणि प्रमिलाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. डॉक्टरांचं बोलणं सगळ्यांनी यजमानांपासून लपवलं होतं.

"त्यासाठीच आले होते ना सगळे, रजा काढून?" ते शांतपणे म्हणाले. "हसून हसून दमलो गं मी. वाढ अजून थोडा भात."

दुपारी कोरा चहा घेताना फोन आला. सगळे सुखरूप पोचले होते.

"आता काढ," म्हणत यजमानांनी पाय खुर्चीवर घेतले.

प्रमिलाबाईंनी केरसुणी उचलली आणि पुन्हा कोपऱ्यात ठेवली.

"उद्या काढते. उद्याही तुम्हालाच पाय वर घ्यायचेत."