दाढेच्या तळाशी

बाबांनी हात वर केला. खुर्चीतल्या पेशंटने हात वर केला की थांबायचं, हे त्यांनीच मुलीला शिकवलं होतं. ती थांबली.

"झालं?"

"झालं. आता भरते."

"आरसा दे."

हयातभर त्यांचा असलेला दवाखाना आता तिचा होता. बाबांनी उठून बसत आरशात दाढ न्याहाळली. कडा लख्ख होत्या, पण खड्ड्याच्या तळाशी तपकिरी डाग तसाच होता.

"अगं, कीड राहिलीय खाली."

"मुद्दाम ठेवलीय. त्याच्या खाली लगेच नस आहे. उकरायला गेले तर ती उघडी पडेल, मग रूट कॅनाल करून नसच काढावी लागेल. वरून घट्ट बंद केलं की किडीची उपासमार होते. आणि दात आतून स्वतःच नवा थर घालतो."

"हे कधीपासून?"

"दात घालतच होता. आपण आता थांबायला शिकलोय."

"माझ्या हाताखाली कुणी कणभर कीड ठेवली असती ना, तर बाहेर काढलं असतं मी त्याला."

"माहितीय. मलाही काढलं होतंत एकदा."

बाबा हसले. अर्धं तोंड बधिर, त्यामुळे हसूही अर्धंच उमटलं.

"आणि नाही जमलं तर?"

"तर दाढ ठणकेल आणि तुम्ही मला जन्मभर ऐकवाल."

क्षणभर त्यांना वाटलं, सरळ उठावं आणि जुन्या डेंटिस्ट मित्राकडे जावं. मग त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. भरायचं साहित्य बोटांत तयार होतं, पण तिने ते पुढे आणलं नव्हतं. त्यांनी हात वर केला होता, म्हणून ती अजून थांबली होती.

बाबा मागे टेकले. डोळे मिटून त्यांनी तोंड उघडलं.

दाढ ठणकली नाही. काही महिन्यांनी मुलीने पुन्हा एक्स-रे काढला आणि जुना नि नवा शेजारी शेजारी पडद्यावर लावला. नव्या चित्रात नस आणि भरलेला खड्डा यांच्या मधे एक पांढुरका पट्टा होता. जुन्यात तो नव्हता. बाबा चष्मा वर सारून पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले.

"किती नसा काढल्या मी," ते हळूच म्हणाले. "अगदी सफाईनं."

"तेव्हा हे कुणाला माहीत होतं, बाबा?"

"दातांना होतं," बाबा म्हणाले.