एका छपराखालचे पुरावे

“एकत्र जेवल्याचा पुरावा नको, नॉरीनबाई. एका छपराखाली राहिल्याचा हवा,” वकील कीरन म्हणाला. “लग्नाचा दाखला असता तर एका कागदात भागलं असतं. तो नाही, म्हणून दहा कागद लागणार. कधीपासून धरायचं?”

“सात ऑक्टोबर दोन हजार अठरा. रविवार. दुपारी चार.”

कीरनने मान वर केली. “वेळ नाही लागत.”

“लिहून ठेव. असू दे.”

त्या दिवशी कॅनडातल्या सेंट जॉन्सच्या बंदरावर धुकं उतरलं होतं. झेफेरिनोच्या एका हातात पेटी होती, दुसऱ्यात अकॉर्डियन. तेवढ्यात त्याचा सगळा संसार मावला होता. त्याच्या कोटाचं वरचं बटण तुटलं होतं, हेसुद्धा नॉरीनला आठवत होतं.

इथे राहण्याच्या परवान्याची मुदत फेब्रुवारीअखेर संपत होती. तोवर अर्ज गेला नाही, तर दोघांतल्या एकाला देश सोडावा लागणार होता. आणि सप्टेंबरात झेफला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून एकावाचून दुसऱ्याचं चालण्यासारखं नव्हतं. त्याला कागदपत्रं झेपत नव्हती. म्हणून भर जानेवारीत, बासष्टाव्या वर्षी, नॉरीन घसरड्या चढावरून दारोदार हिंडत होती.

पहिलं दार टेकडीवरच्या घराच्या मालकिणीचं, फिलोमीनाचं. ती खाली राहायची आणि वरचा मजला भाड्याने द्यायची. तिने डब्यातलं दूध घालून चहा पुढे केला आणि कागद ओढला.

“वरच्या मजल्यावर दोघं राहतात, असं लिहू ना?”

“कधीपासून, तेही लिही. आणि तुला ते कसं कळतं, तेही. वकील म्हणतो, नुसतं ‘राहतात’ चालत नाही.”

“कसं कळतं?” फिलोमीना हसली. “अगं, रविवारी सगळं गाव खारवलेलं मांस नि कोबी शिजवतं, आणि माझ्या जिन्यात लसूण घातलेल्या त्याच्या त्या हिरव्या सूपचा वास. झटका यायच्या आधी संध्याकाळी अकॉर्डियन वाजायचा. मग तो कुठेतरी चुकायचा, आणि बाईमाणसाचं हसू ऐकू यायचं. हे लिहू?”

“लिही.”

फिलोमीनाने दोन ओळी लिहिल्या आणि चष्मा काढला. “तुझ्या जागी मी असते ना, तर एवढे हेलपाटे घातले नसते हो.”

“तू माझ्या जागी नाहीस.”

“नाही खरी.” तिने चष्मा परत चढवला. “थांब. पूर्ण करूनच देते.”

तिथून नॉरीन चर्चच्या सभागृहाकडे वळली. तिथली देखभाल लिओकडे होती. चाळीस वर्षांतल्या प्रत्येक नाचाचे, प्रत्येक जत्रेचे फोटो त्याने बुटांच्या खोक्यांत भरून ठेवले होते. त्याने एक खोकं तिच्यापुढे सरकवलं.

पहिल्याच मुठीत तो फोटो आला. नॉरीन पंचविशीची, अंगात आईने पडद्याच्या कापडाचा शिवलेला पिवळा झगा. शेजारी झेफ, केसांना तेल चोपडलेलं, पोर्तुगालच्या मासेमारी जहाजावरून उतरून जेमतेम चार तास झालेले. त्याला तेव्हा इंग्रजीचे वीस शब्द येत होते. त्यातले एकोणीस मासळीचे. विसावा शब्द त्याने तिच्यापुढे येऊन उच्चारला होता : “नाच?” तीन दिवसांनी त्याचं जहाज सुटलं, तेव्हा ती धक्क्यावर उभी राहून दिसेनासं होईपर्यंत हात हलवत होती. आई म्हणाली, खलाशी परत येत नसतात. पुढच्या वसंतात तेच जहाज बंदराला लागलं आणि सगळ्यांच्या पुढे तोच होता, इतक्या घाईत की फळी टाकायच्या आधीच त्याने उडी मारली.

“हा घे,” लिओ म्हणाला. “काय शोभता दोघं.”

“तो फार जुना. गेल्या चार वर्षांतले हवेत.”

लिओने दुसरं खोकं काढलं. नॉरीनने त्यातले तीन निवडले : एक नाताळचा, एक होड्यांना आशीर्वाद देतात त्या दिवसाचा, एक कुणाच्या तरी लग्नातला.

“कसा आहे तो?” लिओने विचारलं.

“डावा हात चालतो. सही करतो. भरवलं तर जेवतो.”

“बोलतो?”

“वीसेक शब्द. परत तिथेच आलाय.” तिने पिवळ्या झग्याचा फोटो खोक्यात ठेवला. “हा टाकून देऊ नकोस.”

“मी काहीच टाकत नाही, नॉरीन.”

शुक्रवारी कीरनने सगळे कागद मेजावर लावले. भाड्याचा करार, दोन नावांची विजेची बिलं, फोटो, शेजाऱ्यांची पाच पत्रं. त्याने ती नीट वाचली.

“अर्ज भक्कम झालाय. पण आता एक कागद उरला. तो नसेल, तर हे सगळं फुकट. तो कुणी मागून घेऊ शकत नाही, मीही नाही.”

“माहीत आहे. म्हणून शेवटी ठेवला.”

“मी टाइप करून देऊ? तुम्ही फक्त सही करा.”

“नको. हातानेच लिहिते.”

तिने हातमोजे काढले. ती सावकाश लिहीत होती. मध्ये एकदा थांबली, तेव्हा कीरन उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. शपथेचा कागद मोठ्याने वाचावा लागतो. तिने वाचला :

“मी, नॉरीन पिन्येरो, शपथेवर सांगते. झेफेरिनो पिन्येरो हा माझा लग्नाचा नवरा. चार वर्षांपूर्वी तो माझं घर सोडून, फिलिपाइन्सहून इथल्या मासळीच्या कारखान्यात आलेल्या मारिवेल बाकानीबरोबर राहायला गेला आणि तेव्हापासून तिच्याशीच संसार करतो आहे. तो परत येणार नाही. तिला इथे राहू द्यावं.”