निरगाठ

आजही एका गठ्ठ्याला निरगाठ होती. धाकट्याने ती बोटांनी नीट चाचपली आणि गठ्ठा बाजूला ठेवला. तो स्वतः सगळ्या गठ्ठ्यांना सुरगाठ मारायचा, म्हणजे हॉटेलातल्या माणसाने एक टोक ओढलं की चादरी मोकळ्या. लहानपणी दादाने बुटाच्या नाडीवर शिकवलेली ती एकच गाठ त्याला येत होती. त्यामुळे धाकटा चहाला गेला असताना हा गठ्ठा कुणीतरी सोडून पुन्हा बांधला होता, हे उघड होतं.

हॉटेलांच्या चादरी धुणारी ती लाँड्री. घड्या घालून गठ्ठे बांधायचं काम धाकट्याकडे होतं. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. एकेरी चादरीची कड जाड, दुहेरीची पातळ, हे संस्थेच्या बाईंनी शेजारी उभं राहून त्याच्या बोटांत मुरवलं होतं. न दिसणाऱ्यांना नोकरी मिळवून द्यायची आणि ती टिकेपर्यंत पाठीशी राहायचं, हेच बाईंचं काम. हल्ली त्या आठवड्यातून एकदा डोकावून जायच्या. मी जितकी कमी येईन तितके तुम्ही पास, असं त्या हसत सांगायच्या.

पण पास व्हायची लक्षणं काही दिसत नव्हती. दुहेरी पलंगाच्या गठ्ठ्यात मधेच एकेरी चादर निघते, अशा तक्रारी हॉटेलांतून येऊ लागल्या होत्या. मालकीणबाई मनाने चांगल्या, पण धंदा म्हणजे धंदा. तक्रारी थांबल्या तर महिनाअखेरीला कायम करीन, नाहीतर माझाही नाइलाज आहे, असं त्यांनी स्पष्टच सांगून टाकलं.

कायम झालं की धाकट्याला लाँड्रीमागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घ्यायची होती. एवढीशी का असेना, पण दाराची किल्ली आपल्या खिशात. पस्तिशी उलटली तरी दुसऱ्याने वाढलेलं जेवायचं आणि दुसऱ्याने नेलं तर बाहेर पडायचं, याचा त्याला अगदी वीट आला होता. हे त्याने फक्त दादाला सांगितलं होतं. दादा हसून म्हणाला, "का रे, घर टोचायला लागलं?"

दादा लाँड्रीचीच गाडी चालवायचा. धाकट्याने नोकरी करावी हे त्याला आधी पटलं नव्हतं, पण मग रोज तोच त्याला गाडीतून आणू-नेऊ लागला. आई गेल्यापासून त्याने भावाला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं शेजारीपाजारी म्हणायचे, आणि ते ऐकून दादाचा ऊर भरून यायचा. दुपारी गठ्ठे न्यायला आला की तो आधी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. तू जा, निवांत चहा घे, इथलं मी बघतो, म्हणायचा. मग पावती घ्यायला आत जायचा. तक्रार आली की समजूतही तोच काढायचा. नाही जमलं तर नाही, मी आहे ना खंबीर, मग कशाला जिवाला घोर लावून घेतोस?

मुकादमाची तऱ्हा उलटी. इथे कुणाचे लाड होणार नाहीत, हे त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. घडी जरा तिरकी झाली की तो ती मोडून पुन्हा घालायला लावायचा. शाबासकी तर सोडाच, साधं 'ठीक आहे' म्हणतानाही त्याच्या जिवावर यायचं.

निरगाठीचं कोडं धाकट्याने दादापुढे मांडलं. दादाला क्षणाचाही विचार करावा लागला नाही. तशी गाठ मुकादमच मारतो, तो पहिल्यापासून तुला पाण्यात पाहतो, बाईंच्या कानावर घाल, असं त्याने सांगितलं.

धाकट्याने घातलं. बाई भडकल्या. एका दुपारी धाकटा चहाला आणि दादा पावतीला गेला असताना त्या न सांगता आल्या आणि थेट टेबलापाशी गेल्या. मुकादम तिथेच होता. पुढ्यात सुटलेला गठ्ठा, हातात एकेरी चादर.

मालकीणबाईंनी जाब विचारला तेव्हा, चादर माझ्या हातात होती हे खरं, एवढंच तो बोलला. बाकी मूग गिळून बसला. त्याला कामावरून काढलं. आता तक्रारीला कारणच उरलं नाही, असं म्हणत बाईंनी धाकट्याचा हात हातात घेतला. दादाने त्याला मिठी मारली. धाकट्याला रडू आलं, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

संध्याकाळी मुकादम कपाटातलं सामान पिशवीत भरत होता. दादा गाडी काढायला बाहेर गेला होता. धाकट्याला खरं तर गुपचूप निघून जायचं होतं, पण पोटातला राग काही खाली बसेना. तो आवाजाच्या रोखाने पुढे झाला.

"मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"काही नाही."

"मग माझे गठ्ठे का सोडायचात?"

पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. मुकादम दाराकडे निघाला, आणि थांबला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"तुमच्या घराची चूल त्याच्या पगारावर पेटते, म्हणून आजवर बोललो नाही," तो म्हणाला. "पण उद्यापासून मी इथे नसणार. तू चहाला गेलास की तुझा दादा तुझ्या गठ्ठ्यांत एकेरी चादरी सारायचा. सापडतील तेवढ्या मी काढत होतो."